वाचकांचे प्रश्न : एकाच न्यूज सर्व्हरवर दोन खाती

प्रश्न : मी आणि माझी मुलगी घरचा एकच संगणक वापरतो. आम्ही दोघांनीही इटर्नल सप्टेंबर या मोफत यूजनेट सर्व्हरवर, म्हणजे विषयवार चर्चा-ग्रुपांतले लेख पुरवणाऱ्या न्यूज सर्व्हरवर, आपापली खाती उघडली आहेत. थंडरबर्ड या ईमेल आणि न्यूज वाचण्याच्या प्रोग्राममध्ये माझे खाते व्यवस्थित चालते; परंतु मुलीचे खाते जोडायला गेले की, या सर्व्हरचे खाते आधीपासूनच आहे, असा संदेश येतो. आमची लॉगिनची नावे वेगळी असताना असे का होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा नकार सर्व्हरचा नाही, थंडरबर्डचा आहे. ईमेलचे खाते जोडताना लॉगिनचे नाव सुरुवातीलाच ठरते, त्यामुळे एका सर्व्हरवरची दोन खाती वेगळी ओळखता येतात. न्यूज खाते जोडताना मात्र तुमचे नाव, ईमेल पत्ता आणि सर्व्हरचा पत्ता एवढेच विचारले जाते. लॉगिन आणि पासवर्ड सर्व्हरने मागितल्यावर पुढे येतात. त्यामुळे दुसऱ्यांदा तोच पत्ता दिला की थंडरबर्डच्या दृष्टीने ते तेच खाते ठरते.

खाती वेगळी ठेवणे मुळातच गरजेचे आहे. यूजनेटवरील लेखांची देवाणघेवाण ज्या एनएनटीपी नियमांनुसार होते, त्यांत २००६ साली लॉगिनची रीत पक्की करण्यात आली. लॉगिन मान्य झाल्यावर सर्व्हर २८१ हा आकडा पाठवतो आणि त्याच जोडणीवर पुन्हा लॉगिन करू पाहिल्यास ५०२ पाठवून नाकारतो. म्हणजे एका जोडणीवर एकच खाते चालते. शिवाय कोणते लेख वाचून झाले याची नोंद सर्व्हरकडे नसते, ती तुमच्या संगणकावरील न्यूजआरसी नावाच्या फाइलमध्ये असते. या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ग्रुपच्या नावापुढे ‘१-५२३०, ५२३५’ अशा धर्तीवर लेखांचे क्रमांक लिहिलेले असतात. हे क्रमांक सर्व्हर देतो, त्यामुळे ते तुम्हा दोघांनाही सारखेच असतात. फाइल सामाईक राहिली, तर तुम्ही सकाळी वाचलेले लेख संध्याकाळी मुलीलाही वाचलेले म्हणून दिसतील.

माझ्या मते तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे मुलीसाठी संगणकावरच वेगळा वापरकर्ता तयार करणे. तिच्या लॉगिनमध्ये थंडरबर्ड उघडला की त्याचे प्रोफाइल (खाती आणि सेटिंग यांचा संच), न्यूजआरसी आणि साठवलेले पासवर्ड आपोआप स्वतंत्र होतात. ते नको असेल, तर ‘थंडरबर्ड’ या आज्ञेला ‘-P’ जोडून प्रोफाइलची खिडकी उघडावी आणि तेथे दुसरे प्रोफाइल करावे. पण प्रोफाइलला कुलूप नसते, कोणीही कोणाचेही उघडू शकतो. नव्या खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये, जोडणी करताना नेहमी लॉगिन मागावे, या पर्यायावर खूण करावी. अन्यथा काही सर्व्हर लॉगिनशिवाय थोडेच ग्रुप दाखवतात आणि यादी अपुरी का आली हे कळत नाही.

संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये (सर्व्हरची नावे आणि त्यांचे आयपी पत्ते लिहिण्याची फाइल) सर्व्हरच्या आयपी पत्त्याला दुसरे बनावट नाव देऊन थंडरबर्डला चकवण्याची युक्तीही प्रचलित आहे. तिने खाते जोडले जाते खरे. पण ५६३ या पोर्टवरून सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही आणि इशारा येतो. उद्या आयपी पत्ता बदलला तर जोडणीच तुटेल. सर्व्हर चालवणाऱ्यांनीच दुसरे अधिकृत नाव दिलेले असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझे खाते एकच आहे, पण तांत्रिक ग्रुपमध्ये खऱ्या नावाने आणि इतरत्र टोपणनावाने लिहायचे आहे. दुसरे खाते घ्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्याची गरज नाही. लेखावर दिसणारे प्रेषकाचे नाव थंडरबर्डसारखा न्यूज वाचण्याचा प्रोग्राम लिहितो; लॉगिनच्या नावाशी ते जुळलेच पाहिजे, असे बहुतेक सर्व्हरवर नसते. थंडरबर्डच्या खाते-सेटिंगमध्ये त्याच खात्याखाली दुसरी ओळख जोडावी आणि लिहिताना प्रेषकाच्या रकान्यातून ती निवडावी. ग्नस हा न्यूज वाचण्याचा दुसरा प्रोग्राम वापरत असाल, तर ‘पोस्टिंग स्टाइल’मध्ये ग्रुपच्या नावानुसार ओळख ठरवून देता येते, त्यामुळे दर वेळी निवडण्याचा आणि घाईत चुकण्याचा प्रश्न राहत नाही. टोपणनावाने लिहिणार असल्यास एवढे ध्यानात असू द्यावे की पाठवलेल्या लेखात सर्व्हर स्वतःचे एक शीर्षक (हेडर, म्हणजे मजकुराच्या वरची माहितीची ओळ) घालतो आणि काही सर्व्हर त्यात खात्याची सांकेतिक खूण ठेवतात. ती खूण दोन्ही नावांच्या लेखांत सारखीच असू शकते, म्हणून आधी चाचणीच्या ग्रुपमध्ये दोन्ही नावांनी एकेक लेख पाठवून त्यांची पूर्ण शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत.