तुळशीवरची पट्टेरी माशी

प्रश्न : गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या येतात. त्या डंख मारतात का? मोबाईलवर नुसता डाग उमटतो. जुन्या कॅमेऱ्याने जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डंख नाही, चावणंही नाही. ही होव्हरफ्लाय, शेतकरी तिला सिरफिड माशी म्हणतात. पट्टे गांधीलमाशीसारखे, पण पंखांची जोडी एकच. तिच्या कितीतरी जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात, तेव्हा कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका, ही कळकळीची विनंती.

जुना कॅमेरा उत्तम. लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी; तिच्यामुळे अगदी जवळून फोकस होतो. जवळून फोटो काढायची महागडी मॅक्रो लेन्स नंतर बघू. मी लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११, शटर १/२०० सेकंद आणि फ्लॅश वापरते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरा चट्टा उठतो. फोकस एका अंतरावर पक्का करायचा आणि आपणच हळूच मागेपुढे व्हायचं. नेम डोळ्यांवर! बहुतेक जातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. हे पहिल्यांदा स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी शेजारणीला हाक मारून बोलावलं होतं.

सकाळच्या गारव्यात माशी सुस्त असते. उडाली तरी जागचे हलू नका, पुष्कळदा ती तिथेच परत येते. आणि एका कुंडीत धने पेरून कोथिंबीर फुलावर येऊ द्या, त्या फुलांवरही या माश्या येतात.