करंजी जमते ना, मग मामूलपासून सुरू करा

प्रश्न : नमस्कार ताई, मी परभणीची. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. परदेश फिरणं काही आत्ता जमणारं नाही, म्हणून ठरवलं की एकेका देशाच्या सणाचं काहीतरी घरी बेक करायचं आणि मुलांना त्या देशाबद्दल सांगायचं. मागच्या डिसेंबरात स्टोलन नावाचा जर्मन ब्रेड केला, तो वरून करपला आणि आत कच्चाच राहिला. तेव्हापासून ओटीजी बंदच आहे. घरात अंडं चालत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, पहिल्याच फटक्यात तुम्ही सगळ्यात अवघड ब्रेडला हात घातलात बघा. स्टोलनमध्ये बटर, मनुके, बदाम इतकं असतं की पीठ जड होतं, यीस्टला ते उचलायला वेळ लागतो, त्यात परभणीची डिसेंबरची थंडी, म्हणजे पीठ नीट फुगलेलंच नसणार. आणि छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो. पुढच्या वेळी एका मोठ्या ऐवजी दोन लहान करा, सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा, 170 डिग्रीला भाजा आणि रंग आला की वर फॉइल टाका. पीठ फुगवायला बंद ओटीजीतच ठेवायचं, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. एवढ्यानं जमेल.

पण स्टोलन नंतर. तुम्ही आधी मामूल करा. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन या भागात ईदला मुसलमान घरांत आणि ईस्टरला ख्रिस्ती घरांत हे होतं, एकच पदार्थ दोन्ही सणांना. रवा, तूप आणि आत खजूर. अंडं नाही, यीस्ट नसलं तरी चालतं. करंजी आणि सांजोरी करणाऱ्या बाईच्या हाताला यातलं अर्धं आधीच येत असतं, म्हणून मी नेहमी इथूनच सुरू करायला सांगते.

बारीक रवा 500 ग्रॅम, साजूक तूप 250 ग्रॅम. तूप पातळ करून रव्यात ओता आणि दोन्ही तळव्यांत चोळत राहा, दाणा न् दाणा तुपात भिजला पाहिजे, मग झाकून रात्रभर ठेवून द्या. सकाळी त्यात दोन-तीन चमचे पिठीसाखर, दोन चमचे गुलाबपाणी आणि गोळा वळेल एवढंच दूध, चमच्या-चमच्यानं. कणकेसारखं तिंबायचं नाही हं, तिंबलं की खुसखुशीतपणा गेला. 300 ग्रॅम बिनबियांचा खजूर चमचाभर तुपावर मऊ करा, थोडी दालचिनी घाला, हाताला तूप लावून लहान गोळ्या वळा. आता मोदकासारखी वाटी करून आत गोळी ठेवायची आणि तोंड बंद करायचं. तिकडं यासाठी कोरलेले लाकडी साचे असतात, आणि साच्याचा आकार बघून आत काय आहे ते ओळखतात, साधारण गोल चपटा म्हणजे खजूर, लांबट म्हणजे पिस्ता, घुमटासारखा म्हणजे अक्रोड. मी पेढ्याच्या लाकडी साच्यात करते. साच्याला कोरडा रवा भुरभुरायचा, गोळा दाबायचा आणि साच्याची कड ओट्यावर एकदा ठक्कन आपटायची, नक्षीसकट हातात पडतं. माझ्या भाच्यानं ते आपटायचं काम दुसऱ्या कुणाला करूच दिलं नव्हतं. तुमच्या चौथीतल्या मुलाला द्या ते.

180 डिग्रीला 18 ते 20 मिनिटं. वरून पांढुरकंच राहतं, रंग फक्त बुडाला येतो, त्यामुळं अजून झालं नाही असं वाटून ठेवून देऊ नका. आणि बाहेर काढल्या काढल्या उचलायचं नाही, गरम असताना हातात भुगा होतो. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्या.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘मामूल वहिवाट’ असं येतं ना, म्हणजे पूर्वापार चालत आलेली रीत, आणि आपण रोज ‘मामुली’ म्हणतो, त्याचं आणि या मामूलचं अरबी मूळ एकच. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता, कारण परका वाटणारा पदार्थ एकदम ओळखीचा निघाला.

मग डिसेंबरात स्वीडन. 13 डिसेंबरला तिकडं लुसियाचा दिवस असतो, मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालतात, आणि केशराचे पिवळेधमक बन होतात, इंग्रजी एस अक्षरासारखे, दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका. जुन्या कालगणनेत ही वर्षातली सगळ्यात लांब रात्र समजली जायची, म्हणून उजेडाचा सण. बरेच जण पिठात क्वार्क नावाचं घट्ट दह्यासारखं घालतात, बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहावेत म्हणून. आपल्याकडं श्रीखंडाचा चक्का आहेच की! 500 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम चक्का, अर्धा ग्रॅम केशर साखरेबरोबर खलात कुटून कोमट दुधात. वरून अंड्याऐवजी दूध लावा.

आणि त्यानंतर परत स्टोलन, पण या वेळी गोष्टीसकट. ख्रिसमसच्या आधीचा काळ तिकडं उपवासाचा असायचा आणि उपवासाला लोणी चालत नसे, म्हणून हा ब्रेड पीठ, पाणी आणि तेलाचा, अगदी रुक्ष व्हायचा. सॅक्सनीच्या राजघराण्यानं पोपकडं लोण्याची परवानगी मागितली आणि 1491 मध्ये पोप आठवा इनोसंट यानं ती दिली. उपवासाला काय चालतं आणि काय नाही यावर आपल्या घराघरांत केवढ्या चर्चा होतात, तुमच्या मुलांना हे सांगायला लागणारच नाही, लगेच कळेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई म्हणतात, दुसऱ्यांचे सण आपण कशाला करायचे? त्यांना काय सांगू? (जालन्याहून)

उत्तर : त्यांचं म्हणणं वाद घालून मोडू नका. ईदला शेजारून शीरखुर्मा येतो, दिवाळीत आपल्या फराळाचं ताट तिकडं जातं, हे त्यांनी आपल्यापेक्षा जास्त वर्षं केलंय. सण आपण करत नाही, त्या दिवशी त्या घरांत काय शिजतं ते शिकतो, एवढाच फरक आहे आणि तो फरक आपणही पाळावा. मला ते ‘जगभरचे सण एका ताटात’ वालं आवडत नाही. एका दिवशी एकच पदार्थ, त्याच्या ठरलेल्या तारखेला, कोण आणि कशासाठी करतं ते सांगून.

सासूबाईंना मेक्सिकोचा ‘पान दे मुएर्तो’ दाखवा. नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला तिकडं गेलेल्या माणसांची आठवण करतात, त्यांचा फोटो, झेंडूची फुलं आणि त्यांच्या आवडीचं खाणं मांडतात, आणि हा गोड ब्रेड ठेवतात, वर पिठाच्याच हाडांचे आकार. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या बाईला यात परकं काय वाटेल? पिठात संत्र्याची साल किसून घालतात, पण तुमच्या जालन्यात मोसंबी आहे, तीच किसा, फक्त पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतं. सोबत चमचाभर बडीशेप. अर्धा तास भिजवलेलं पीठ त्यांच्या हातात द्या आणि हाडं वळायला सांगा.

प्रश्न : ओव्हनच नाही. कुकरमध्ये होईल का? (हिंगोलीहून)

उत्तर : मामूल होईल. कुकरची शिट्टी आणि रबर काढा, तळाला मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं तापवून मंद आचेवर ठेवा. ब्रेडचं मात्र कुकरमध्ये खरं नाही, वरून आच मिळत नाही म्हणून माथा पांढरा आणि चिकट राहतो. त्यासाठी गल्लीतली बेकरी गाठा. दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन आपण भट्टीवर जायचो तसंच. पाव निघाल्यावर भट्टी उतरायला लागते तेव्हा जा, दुपारची वेळ विचारून ठेवा, आणि भट्टीवाल्या चाचांना आधीच सांगा की यात साखर आणि बटर जास्त आहे, लवकर रंग धरेल. बाकी आचेचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायला विसरू नका.