स्वस्त विकावं की वेगळं काही द्यावं? दोन्ही एकदम जमतं का?

जमतं, पण फार थोड्यांना. आधी एक गैरसमज दूर करतो: स्वस्त विकणं आणि स्वस्तात तयार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्च तोच ठेवून नुसता भाव पाडला, तर घरचंच भांडवल संपतं.

आपल्याकडचं विमान क्षेत्र बघा. इंडिगो 2006 साली सुरू झाली. बरीच वर्षं ताफ्यात एकाच जातीची विमानं, एअरबस ए320. त्यामुळे वैमानिकांचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, कुठलाही चमू कुठल्याही विमानावर चालतो. गरम जेवण नव्हतं. चढायला पायऱ्यांऐवजी उतार. त्यावरून प्रवासी लवकर चढतात, व्हीलचेअरही सरळ वर जाते. विमान जमिनीवर कमी वेळ थांबलं की दिवसात जास्त फेऱ्या होतात, आणि खरी बचत तिथेच आहे.

किंगफिशरने 2005 मध्ये उलट वाट धरली: प्रत्येक सीटसमोर टीव्हीचा पडदा, उत्तम जेवण, थाट. ही वाटही चुकीची नव्हती, लोकांना ती सेवा मनापासून आवडायची. पण 2007 मध्ये त्यांनी स्वस्त तिकिटांच्या एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि पुढे तिला आपलंच नाव दिलं. मग प्रवाशाने जास्त पैसे नेमके कशासाठी मोजायचे? वर कर्ज आणि महाग इंधन होतंच. 2012 मध्ये उड्डाणं थांबली.

तुमचा धंदा छोटा असेल तर आधी खर्चाची वही काढा. शेजाऱ्यापेक्षा तुमचा खर्च खरोखर कमी नसेल, तर भावाच्या लढाईत उतरू नका.