रुपया घसरला की आयात केलेलं पामतेल किती महागतं?

सरळ हिशोब करा. भाव टनाला १,००० डॉलर धरा. डॉलर ८३ रुपयांना असताना किलोला ८३ रुपये पडतात, ८८ झाला की ८८. आयात शुल्क टक्क्यांत असल्याने तेही वाढतं: १६.५ टक्के धरलं तर फरक ५ नाही, सुमारे ५.८० रुपये होतो.

दुकानात मात्र ही वाढ उशिरा दिसते. गोदामातला साठा जुन्या दराचा असतो, आणि बऱ्याच आयातदारांनी फॉरवर्ड करारात डॉलरचा दर आधीच बांधून घेतलेला असतो.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. लातूरच्या सोयाबीनचं तेलही चढतं, कारण व्यापारी त्याचा भाव आयात तेलाशी ताडूनच लावतो. मलेशियात पामतेल त्याच वेळी उतरलं असेल, तर मात्र वाढ जाणवणारही नाही.