कॅलिफोर्नियात अपार्टमेंट सोडल्यावर आलेलं बिल भरलं नाही तर क्रेडिट स्कोअर खराब होईल का?

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेचं घर सोडून सहा आठवडे झाले आणि आता लीझिंग ऑफिसने डिपॉझिट तर ठेवून घेतलंच, वर आणखी बिल पाठवलं, आणि नाही भरलं तर कलेक्शनला (म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या एजन्सीला) देऊ म्हणतायत. लगेच भरू नका, पण गप्पही बसू नका. मी ओळखीत दोन प्रकार बघितलेत, एक "जाऊ दे, कटकट नको" म्हणून भरून मोकळे होणारे आणि दुसरे पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये टाकणारे, आणि स्कोअरची वाट लागते ती या दुसऱ्यांची.

आमचंच सांगते. चार वर्षं राहून घर सोडलं, डिपॉझिट होतं ७०० डॉलर आणि बिल आलं २,३०० चं, म्हणजे डिपॉझिट वजा करून वर १,६०० द्या. कार्पेट १,४५०, पेंटिंग ६००, क्लीनिंग २५०. आता खरं सांगायचं तर कार्पेटवर मुलाने हळदीचं दूध सांडलं होतं आणि तो डाग काही केल्या गेला नाही, आणि शेगडीवरच्या हूडला चार वर्षांच्या फोडण्यांचं तेल होतं, ते आम्ही पुसलं पण मनापासून नाही. त्यामुळे क्लीनिंगला मी वादच घातला नाही. जे आपण केलंय ते कबूल करावं, त्याने बाकीच्या मुद्द्यांना वजन येतं.

पण कार्पेट तुम्ही खराब केलं म्हणून अख्ख्या नव्या कार्पेटचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, वापराने होणारी झीज घरमालकाची. मी ईमेल करून विचारलं की हे कार्पेट घातलं कधी? तीनदा विचारल्यावर उत्तर आलं, ७ वर्षांपूर्वी. कार्पेटचं आयुष्य १० वर्षं धरलं तर उरली ३, म्हणजे १,४५० चे ३० टक्के, ४३५ डॉलर. पेंट चार वर्षांचा, त्याचं शून्य, कारण दोन-तीन वर्षांत रंग तसाही नव्याने द्यावाच लागतो. ४३५ आणि २५० मिळून ६८५, म्हणजे उलट तेच आमचे १५ डॉलर देणं लागत होते!! नवऱ्याने हा हिशोब बघून आधी मला वेड्यात काढलं होतं.

तुमच्या केसमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीची तपशीलवार यादी द्यावी लागते, कपात १२५ डॉलरच्या वर असेल तर पावत्यांसकट. त्यांनी सहा आठवडे लावले, मग डिपॉझिटमधून कापायचा त्यांचा हक्कच गेला असं तुम्ही म्हणू शकता (नुकसानीचा वेगळा दावा त्यांना करता येतो, ते लक्षात ठेवा). फक्त तुम्ही नवा पत्ता लेखी दिला होता ना? नसेल दिला तर ते पत्र जुन्या घरी पाठवतात आणि वेळेत पाठवलं म्हणून मोकळे होतात. जाणूनबुजून डिपॉझिट अडवलं असं कोर्टाला वाटलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंड वर मिळू शकतो. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो आणि तिथे सुनावणीला दोन्हीकडे वकील नसतो, त्यामुळे नुसतं "नाहीतर मी स्मॉल क्लेम्सला जाईन" एवढं पत्रात शांतपणे लिहिलं तरी ऑफिसची भाषा बदलते.

आता क्रेडिटचं. असं बिल क्रेडिट रिपोर्टवर येतं ते बहुतेक वेळा कलेक्शन एजन्सीकडे गेल्यावर, आणि आलं की ७ वर्षांपर्यंत राहू शकतं. घाबरून नंतर भरलं तरी नोंद आपोआप पुसली जात नाही, नुसतं "पेड" लिहून येतं. म्हणून एजन्सीचं पत्र आलं की मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवायचं की हे देणं मला मान्य नाही, पुरावा द्या. पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. फोनवर काही कबूल करू नका, अगदी "बघते थोडे भरता येतात का" पण नाही. मी सर्टिफाइड मेलने रिटर्न रिसीटसकट पाठवलं, सोबत कार्पेटच्या वयाचा तो ईमेल आणि माझा हिशोब जोडला. महिनाभराने एजन्सीचं खातं बंद केल्याचं पत्र आलं, ते अजून जपून ठेवलंय. १५ डॉलर काही आले नाहीत, तेवढ्यासाठी मी पण भांडले नाही.

तरीही रिपोर्टवर आलंच तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळा डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकायचा, एकाकडे टाकून बाकीचे आपोआप सुधारत नाहीत, साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. रिपोर्ट दर आठवड्याला फुकट बघता येतो, ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर, त्यासाठी कुठल्या ॲपला पैसे देऊ नका.

आज रात्री एवढंच करा, घराचे मूव्ह-इन आणि मूव्ह-आउटचे फोटो एका फोल्डरमध्ये काढा आणि ऑफिसला ईमेल टाका की पावत्या आणि कार्पेट-पेंटच्या तारखा पाठवा. आणि एजन्सीचं पत्र आधीच आलं असेल तर ते कुठल्या तारखेला हातात पडलं ते इथे कळवा, मग किती दिवस उरलेत ते बघू.