विचारा, सांगते : मिसळ आणि घुमट

प्रश्न : ताई, माझी मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, लक्ष्मी विलास राजवाडा म्हणजे नुसती मिसळ. हॉल विलायती आणि वर आपल्या छत्र्या, म्हणजे खांबांवरचे छोटे घुमट. मला राजवाड्याचा अभिमान, त्यामुळे घरात रोज वाद. शिवाय तो बांधणाऱ्या साहेबाला वेड लागलं होतं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : वाद मिटवायचं माझ्याच्यानं होणार नाही. थोडा वाढवून देते.

वेडाचं आधी सांगते. राजवाडा बांधायला घेतला मेजर चार्ल्स मँट यांनी. लष्करातले इंजिनिअर, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. (कोल्हापूरचे पाहुणे आपला वाडा बघून ‘आमच्याकडेही आहे’ म्हणतात, ते उगीच नाही.) १८८१ साली मँट वारले, तेव्हा काम अर्धवट होतं. मद्रासचे वास्तुकार रॉबर्ट चिझम यांनी ते १८९० मध्ये पुरं केलं. वजनाचा हिशेब चुकला, वाडा कोसळणार, या धास्तीनं मँटचं डोकं फिरलं, ही गोष्ट माझ्या आजीनंही मला सांगितली होती, वर ‘म्हणून गणित दोनदा तपासावं’ अशी पुस्ती जोडून. वाडा सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी उभा आहे. मी त्यापलीकडे जात नाही.

आता मिसळ. दरबार हॉलला बेल्जियमची रंगीत काच, बाहेर जाळ्या, छज्जे, छत्र्या. हे वरून घातलेलं फरसाण, लेकीचं तेवढं बरोबर. पण तिला वाड्याचा नकाशा उघडायला सांगा. दरबाराचा भाग वेगळा, महाराजांचा वेगळा, राणीवशाचा वेगळा, आणि पोटात चौक. विलायतेतल्या वाड्याला राणीवसा लागत नाही. मँटनं इथल्या घरात माणसं कशी वावरतात ते विचारून घेतलं होतं, एवढं त्या नकाशावरून कळतं.

तरी माझं मत विचाराल तर लेकीला राजवाड्यात नेऊ नका. सयाजीराव विद्यापीठाच्या आर्ट्‌‌स फॅकल्टीत न्या, म्हणजे जुन्या बडोदा कॉलेजात. तेही चिझमचंच, आणि त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात करून बघा. चौकोनी डब्यावर गोल झाकण ठेवा. चारही कोपरे उघडे पडतात. झाकण नेमकं कशावर टेकलंय हेच कळत नाही. विजापूरला १६५६ साली हे कोडं असं सोडवलं : आतली चौकोनी खोली साधारण ४१ मीटर बाजूची, तिच्या भिंतींवरून आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या, दोन चौकोन तिरपे एकात एक घातल्यासारख्या. कोपरे भरले, आणि ते भरलेले कोपरे आत झुकले. घुमट बाहेर ढकलतो, कोपऱ्यांचं वजन आत ओढतं, आणि रस्सीखेच बरोबरीत सुटते. हे आपल्या कारागिरांचं गणित, आणि ते कागदाआधी हातात होतं. चिझम पडले साहेब, त्यांनी ते कागदावर आणलं; १८८२-८३ मध्ये लंडनच्या वास्तुकारांसमोर या कॉलेजावर आणि भारतात घुमट कसे बांधतात त्यावर निबंध वाचला.

वरच्या छत्र्या काढून टाकल्या तरी राजवाडा उभा राहील. या कॉलेजातून विजापूर काढून टाका बरं! माझ्या दृष्टीनं मिसळ आणि मिश्रण यांतला फरक एवढाच.

हे मला कसं कळलं, तेही सांगते, कारण लाजिरवाणं आहे. नक्षाखात्यात नवी होते. एका जुन्या घुमटाचा छेद, म्हणजे उभा कापल्यावर आतून कसा दिसेल त्याचं चित्र, काढायचा होता. भिंती काढल्या, घुमट काढला, आणि मधला कोपरा ‘साधारण असाच असणार’ म्हणून एका गोलसर रेघेनं भरून टाकला. ट्रेसिंग पेपर परत आला. त्या रेघेशेजारी साहेबांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : ‘कसा?’ पुढचे दोन दिवस मी त्या घुमटाखाली, कबुतरांच्या विष्ठेत, मान वर करून होते.

लेकीला घुमटाखाली उभी करा आणि तेवढंच विचारा. मान अवघडली तर जमिनीवर उताणं पडून बघायला सांगा, मीही शेवटी तेच केलं. जुनी ओढणी मात्र बरोबर न्या.