आधी सबस्टेशन गाठ, मग जमीन बघ

भाऊ, कुसुम या सरकारी सौर योजनेतून सोलर प्लांट टाकायचा म्हणतोस, तर जमिनीचा सौदा करण्याआधी जवळच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला जाऊन ये, तुझी वीज तिथेच जाणार आहे. तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर किती क्षमता शिल्लक आहे ते लेखी घे, तोंडी नको. ११ केव्हीची लाइन कुणाकुणाच्या बांधावरून जाणार, त्यांचीही संमती आधीच घे. आमचं काम एका केळीच्या बागेपाशी दोन महिने अडून राहिलं होतं.

पॅनलची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर ५० हर्ट्झच्या ग्रिडशी, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याशी, आपोआप जुळवून घेतो. ग्रिडची वीज गेली की तोही बंद पडतो, पडू दे. ती सेटिंग कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नकोस. पलीकडे खांबावर वायरमन चढलेला असतो, त्याचा जीव त्यावर आहे.

मीटर बसवताना मात्र स्वतः उभा राहा. आमच्याकडे एका फेजची सीटी, म्हणजे मीटरसाठी करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, उलटी बसली होती, म्हणून त्या फेजची वीज वजा धरली जायची. वीज तिन्ही फेजमधून बाहेर जात होती आणि मीटर जेमतेम एक तृतीयांश मोजत होता! पहिल्याच संध्याकाळी इन्व्हर्टरचे आणि मीटरचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले, म्हणून सापडलं.

दुपारी व्होल्टेज चढून इन्व्हर्टर ट्रिप होत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जागा, तपासून घे. आणि जळगावकडचा मे महिना ठाऊक आहेच तुला. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. बँकेला युनिटांचा हिशोब देताना हे धरूनच दे.